धरण भरले, मासा कुठून येणार?

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली. लातूर शहराची तहान भागवणारे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्यात माणसांच्या पाण्याची चर्चा झाली, जनावरांच्या चाऱ्याची झाली, उसाचीही झाली. ती व्हायलाच हवी होती. पण धरणाच्या त्याच भेगाळलेल्या तळावर आणखी एक संसार संपला होता आणि त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. तो होता माशांचा, आणि त्या माशांवर चूल पेटणाऱ्या भोई कुटुंबांचा.

त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा खोऱ्यात जोरदार पाऊस झाला आणि धरणात पुन्हा पाणी आले. पाण्याचा प्रश्न त्या वर्षापुरता मिटला. माशांचा मात्र तिथून सुरू झाला. पाणी आभाळातून पडते, मासा आभाळातून पडत नाही. तळापर्यंत आटलेले धरण एका पावसात भरले, तरी त्यात मासा कुठून येणार? वरच्या नदीतून, खालच्या नदीतून, की बीजकेंद्रातून पिशवीत भरून? तो किती दिवसांत वाढणार, कधी वीण घालणार, आणि पुढच्या दुष्काळाच्या आधी त्याला तेवढा अवधी मिळणार का?

नांदेड आणि लातूर हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले जिल्हे. मत्स्यविज्ञान म्हटले की आपल्याला कोकण आठवते. पण गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड आणि पैनगंगा या नद्या, विष्णुपुरी, लिंबोटी, इसापूर यांसारखे जलाशय आणि गावोगावचे साठवण तलाव व पाझर तलाव मिळून या भागात माशांचे मोठे जग आहे. ते समजून घेण्याच्या किल्ल्या मात्र बऱ्याच अंशी समुद्रावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी घडवल्या. म्हणून सुरुवात समुद्रापासून करू.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा शोध

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार एका कोड्याने हैराण होते. काही वर्षे हेरिंग मासा अमाप मिळे, तर काही वर्षे जाळी रिकामी येत. मासा कमी झाला की तो दुसऱ्या समुद्राकडे निघून गेला, असेच बहुतेक जण मानत. योहान योर्ट या नॉर्वेजियन सागरी शास्त्रज्ञाने यावर वेगळा प्रश्न विचारला: जाळ्यात आलेले मासे किती वर्षांचे आहेत?

माशाच्या खवल्यावर आणि त्याच्या कानातल्या चिमुकल्या खड्यावर वाढीची वलये उमटतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते, त्यामुळे वर्षागणिक एक वलय स्पष्ट दिसते. योर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो खवले तपासले. त्यातून दिसले की वर्षामागून वर्षे जाळ्यात येणाऱ्या हेरिंगपैकी फार मोठा वाटा एकाच साली, म्हणजे १९०४ मध्ये जन्मलेल्या माशांचा होता. त्याच्या आगेमागे जन्मलेल्या पिढ्या अगदी तोकड्या होत्या. मासा कुठे गेला नव्हता. काही सालांत पिल्ले जगली होती आणि काही सालांत जगलीच नव्हती.

१९१४ मध्ये योर्टने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि मत्स्यविज्ञानाची दिशा बदलली. एका मादीला लाखो अंडी होतात. त्यातली दोन जरी मोठी होऊन वीण घालू शकली, तरी त्या जोडीची जागा भरून निघते. म्हणजे मासळीचे भवितव्य अंड्यांच्या संख्येपेक्षा पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांवर ठरते. पोटातला बलक संपतो, त्याच वेळी पाण्यात सूक्ष्म अन्न आहे का? प्रवाहाने पिल्लांना चाऱ्याच्या जागी नेले की भलतीकडे? या दोन प्रश्नांच्या उत्तरावर ‘सालाची पिढी’ भरघोस होते किंवा बुडते.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. इथे पिकाचे साल असते तसेच माशाचेही साल असते. फरक एवढाच की पिकाचे साल सगळे जण मोजतात.

वाहत्या पाण्यातली वीण

आपल्या धरणांत सोडले जाणारे मुख्य मासे तीन: कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. तिघांची पंगत वेगळी असल्याने एकाच पाण्यात ते एकमेकांना फारशी अडचण करत नाहीत. पण तिघांचीही एक अट सारखी आहे. साचलेल्या पाण्यात ते एरवी वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला पूर लागतो: चढते पाणी, गढूळपणा, वाहता प्रवाह, बुडालेले उथळ काठ.

पुरात मादी अंडी सोडते. ती कशाला चिकटत नाहीत. प्रवाहात तरंगत, गडगडत खाली जातात आणि साधारण पंधरा ते वीस तासांत फुटतात. म्हणजे अंड्याला फुटेपर्यंत आणि पिल्लाला पोहण्याचे बळ येईपर्यंत वाहती नदी लागते, तीही काही किलोमीटर लांब. मध्येच संथ पाणी लागले तर अंडे तळाशी बसते आणि काळ्या मातीच्या बारीक गाळात गुदमरते. मराठवाड्याच्या नद्या पहिल्या पुराबरोबर केवढा गाळ आणतात, हे पाहिलेल्याला यातला धोका लगेच कळेल.

तळ्यात हे मासे वीण घालत नाहीत, म्हणून पूर्वी बीजासाठी नदीवरच अवलंबून राहावे लागे. हा अडसर १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी दूर केला. माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी भारतीय कार्प माशांची बंदिस्त पाण्यात वीण घडवून आणली. आज देशात दरवर्षी १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच कामाच्या स्मरणार्थ. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द आज गावच्या मच्छीमार संस्थेच्या तोंडी आहेत, त्यामागे हे संशोधन उभे आहे.

या यशाचा एक परिणाम मात्र विचार करायला लावणारा आहे. बीज विकत मिळू लागले आणि नदीतली नैसर्गिक वीण आपल्या नजरेआड गेली. कटला, रोहू, मृगळ दख्खनच्या पाण्यात मुख्यतः माणसाने बीज सोडून वाढवले. पण गोदावरी-मांजराचे स्वतःचे मासे आहेत. वाम आहे, मरळ आहे, शिंगटा आहे, कोळस आहे, पोटील आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचे बीज कोणी पिशवीतून आणून सोडत नाही. त्यांना नदीच हवी.

दरवाजे आणि तारखा

नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या वर गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर असे बंधारे आहेत. खाली आमदुरा, बळेगाव आणि धर्माबाद तालुक्यातला बाभळी. त्याच्याही खाली तेलंगणात पोचमपाडचा श्रीरामसागर जलाशय. मांजरा लातूर जिल्ह्यातून जाताना साई, नागझरी यांसारख्या बॅरेजेसमधून उतरते, पुढे निझामसागरात जाते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. माणसाच्या नकाशावर हे वेगवेगळे प्रकल्प आहेत. पुरात वर चढणाऱ्या माशासाठी मात्र ही एकच वाट आहे आणि तिच्यावर एकामागून एक दारे आहेत.

यातल्या बाभळीची गोष्ट विशेष आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यातल्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, असे त्यात ठरले. हा निकाल पाणीवाटपाचा आहे. नांदेडच्या शेतकऱ्याचे त्याविषयीचे दुःखही खरे आहे, कारण पावसाळ्यात डोळ्यांदेखत पाणी वाहून जाते आणि दरवाजे बंद करायच्या वेळी नदीला पुरेसे पाणी असेलच असे नाही. पण मत्स्यविज्ञानाच्या नजरेने पाहिले तर या तारखांत एक योग दडलेला आहे. जुलै ते सप्टेंबर हाच नदीतल्या बहुतेक माशांच्या विणीचा काळ. म्हणजे बाभळीचे दार नेमके त्याच वेळी उघडे असते आणि श्रीरामसागरातला मासा पुराबरोबर वर चढू शकतो.

तो पुढे किती वर जातो? हे वरच्या बंधाऱ्यांवर ठरते. त्यांचे दरवाजे पुराच्या तडाख्यात थोडा वेळ उघडून लगेच बंद झाले, तर माशाला वाट मिळून न मिळाल्यासारखी. दरवाजा थोडासा उचलला आणि खालून पाणी प्रचंड वेगाने सुटले, तर त्या धारेविरुद्ध मासा पोहू शकत नाही. परदेशात धरणांना माशांसाठी पायऱ्या बांधतात, पण त्यांतल्या पुष्कळ रचना उंच उडी मारणाऱ्या सामन माशासाठी आखलेल्या आहेत. आपल्या नद्यांतले कार्प आणि शिंगाडी कुळातले मासे तशी उडी मारत नाहीत. आपल्याकडे सोपा मार्ग दरवाजांच्या वेळापत्रकाचा आहे. पहिल्या दोन-तीन मोठ्या पुरांत साखळीतले बंधारे पूर्ण उघडे राहतील आणि शेवटच्या पावसावर ते भरून घेतले जातील, एवढे नियोजन जमले तरी माशाला मोठा दिलासा मिळेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यात फळ्या काढून ठेवण्याची रीत आहेच. त्या वेळेवर काढल्या जाणे हेही माशांच्या हिताचेच आहे.

उन्हाळ्याचे पाणी

वीण झाली, पिल्ले जगली, मासा बोटाएवढा झाला. आता खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर असते. धरणाचे पाणी उतरू लागते. माशांची संख्या तीच राहते, जागा आकसत जाते. पाणी उथळ होते, तापते. तापलेले पाणी प्राणवायू कमी धरते. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. नेमकी उन्हाळ्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते.

त्यात शेवाळाची भर पडते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी तो घेते. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तळे धोक्यात आहे असे समजावे. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी ही खूण कायम लक्षात ठेवावी. ढगाळ हवेचे सलग दिवस, दाट हिरवे पाणी आणि अशी पहाट एकत्र आली की ताबडतोब नवे पाणी सोडावे किंवा पंपाने पाणी उडवून हवा खेळवावी. खाद्य त्या दिवशी बंद ठेवावे.

नांदेडसारख्या नदीकाठच्या शहरात आणखी एक धोका असतो. उन्हाळाभर नाल्यांत साचलेले सांडपाणी आणि कुजलेला कचरा पहिल्या पावसाबरोबर एकदम नदीत येतो. तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू काही तासांत ओढून घेतात आणि मासे गुदमरून मरतात. अशा वेळी ‘कोणी विष टाकले’ असा संशय पहिल्यांदा येतो. विष नसले तरी मासे मरू शकतात, आणि सांडपाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय हे थांबत नाही, ही गोष्ट नगरपालिका आणि नागरिक दोघांनीही समजून घ्यायला हवी.

दुष्काळ सर्व माशांना सारखा मारत नाही. मरळ, मागूर आणि शिंगी या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची जादा सोय असते. चिखलात, जेमतेम पाण्यातही ते तग धरतात. कटला आणि रोहू तिथे काही तासही काढू शकत नाहीत. पाणी पूर्ण आटले तर मात्र मरळ-मागूरही हरतात.

आणि एक मासा या सगळ्यातून फायदा उठवतो. तिलापिया, उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात, तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याला विणीसाठी पूर लागत नाही. साचलेल्या पाण्यात तो वर्षातून अनेकदा वीण घालतो, मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, काही महिन्यांतच नवी पिढी विणीला तयार होते. नदीचे रूपांतर बंधाऱ्यांच्या साखळीत झाले की वाहत्या पाण्याचा मासा मागे पडतो आणि साचलेल्या पाण्याचा पुढे सरकतो. तिलापिया गरिबाच्या ताटातला स्वस्त मासा आहे, त्याचे ते मोल नाकारता येत नाही. पण बाजारात तिलापियाचे ढीग वाढले म्हणजे नदी सुदृढ आहे, असा अर्थ काढू नये. आफ्रिकन मागूरचे तर नावच नको. आपल्या माशांची पिल्ले फस्त करणाऱ्या त्या माशाच्या पालनावर देशात बंदी आहे, ती पाळली गेलीच पाहिजे.

भरल्यानंतरची दोन वर्षे

आटलेल्या धरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तळ उघडा पडतो, ऊन खातो. काठावर गवत वाढते, गाळपेर होते, जनावरे चरतात. पुन्हा पाणी आले की बुडालेले गवत आणि शेण कुजते, मातीतली पोषकद्रव्ये पाण्यात उतरतात आणि सूक्ष्म वनस्पती-प्राण्यांची भरभराट होते. नव्याने भरलेल्या जलाशयात पहिली एक-दोन वर्षे माशाची वाढ जोमाने होते, हे जगभरच्या जलाशयांत दिसून आले आहे.

म्हणून दुष्काळानंतरचे पहिले भरलेले पाणी हा मराठवाड्यातल्या मच्छीमारासाठी वर्षानुवर्षांतून येणारा मोका असतो. तो साधायचा असेल तर बीज वेळेवर हवे आणि योग्य आकाराचे हवे. चिमुकले बीज सोडले तर मरळ-शिंगटा ते खाऊन टाकतात. जलाशयात सोडायची बोटुकली साधारण दहा सेंटीमीटरची असावी असे मत्स्यशास्त्र सांगते. तेवढी वाढवायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे धरण सप्टेंबरात भरेल की नाही हे माहीत नसतानाही जुलैपासून संगोपन तळ्यांत बीज वाढवून तयार ठेवावे लागते. हे काम एका संस्थेच्या आवाक्यातले नसते. जिल्ह्याच्या पातळीवर शासकीय मत्स्यबीज केंद्रे, शेततळ्यांचे मालक आणि मच्छीमार सहकारी संस्था यांनी मिळून ते करायचे आहे. २०१६ नंतर मराठवाड्यात शेततळी मोठ्या प्रमाणात झाली. त्यातली काही तळी बीजसंगोपनासाठी वापरली, तर शेतकऱ्याला तीन महिन्यांत उत्पन्न आणि जलाशयाला दमदार बोटुकली, दोन्ही साधेल.

लहान तलावांकडे तर विशेष लक्ष हवे. भारतातल्या जलाशयांवर व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ मध्ये केलेल्या अभ्यासात, १००० हेक्टरपेक्षा लहान जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ५० किलो आणि मध्यम व मोठ्या जलाशयांचे जेमतेम ११ ते १२ किलो आढळले होते. लहान तलाव उथळ असतो, सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो, सोडलेला मासा पकडायला सोपा जातो. नांदेड-लातूरची खरी ताकद अशा शेकडो तलावांत आहे.

जाळ्याची आस आणि माशाचे वय

आता पुन्हा समुद्राकडे वळू. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने समुद्रातल्या ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी सिल्व्हर पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. किमान आकारामागचा विचार साधा आहे: माशाने निदान एकदा वीण घालावी, मगच तो जाळ्यात यावा. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्याची पद्धतही विणीचा काळ सांभाळण्यासाठी आणि खवळलेल्या समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराच्या जिवासाठी आहे.

धरणातल्या कटला-रोहूला हा विचार थोडा बदलून लावावा लागतो. ते धरणात विणतच नसतील, तर त्यांना विणीसाठी राखण्यापेक्षा वाढीसाठी राखणे महत्त्वाचे. चांगल्या पाण्यात कटला पहिल्या वर्षात किलोभर होऊ शकतो. तीनशे ग्रॅमचा कटला पकडला, तर संस्थेने बीजाचा खर्च केला, मच्छीमाराने कष्ट केले आणि मासा मात्र ज्या काळात सर्वांत वेगाने वाढला असता त्या काळातच संपला. बारीक आसेचे, म्हणजे लहान छिद्रांचे जाळे त्या दिवशी पैसे देते आणि पुढच्या सहा महिन्यांचे पैसे घेऊन जाते. कटला-रोहूसाठी मोठ्या आसेची तरती जाळी आणि आटत्या पाण्यात शेवटची उचल, अशी दोन टप्प्यांची आखणी यावर उपयोगी ठरते.

मरळ, वाम, शिंगटा, कोळस या नदीच्या माशांना मात्र समुद्राचाच नियम हवा. पावसाळ्यातले काही आठवडे, विशेषतः बंधाऱ्यांच्या पायथ्याशी, जाळे टाकू नये. तिथे पुरात वर चढायला आलेला, अंड्यांनी भरलेला मासा गोळा होतो. दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. तो कायदा जितका जुना आहे तितकीच त्याची अंमलबजावणी अजून बाकी आहे.

मोजायला शिकूया

मोजमाप चुकले तर काय होते, याचा धडा कॅनडाने दिला. न्यूफाउंडलँडच्या कॉड माशाची संख्या बरीच जास्त धरली गेली, त्या हिशेबाने मासेमारी होत राहिली आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. उत्तम जहाजे आणि मोठमोठ्या प्रयोगशाळा असलेल्या देशात हे घडले. आपल्या जलाशयांत तर किती बीज सोडले याचीच नोंद प्रामुख्याने होते. किती जगले, किती वयाचे झाले, कोणती प्रजाती वाढली आणि कोणती दिसेनाशी झाली, हे कागदावर क्वचित येते.

उष्ण प्रदेशातल्या माशाच्या खवल्यावरची वलये अस्पष्ट असतात, कारण आपल्याकडे बर्फाळ हिवाळा नसतो. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लांबीवर आधारलेल्या पद्धती विकसित केल्या. दर महिन्याला शे-दोनशे माशांची लांबी मोजायची आणि कोणत्या लांबीचे किती मासे आहेत त्याचा आलेख काढायचा. त्या आलेखात एकेक पिढी वेगळी उठून दिसते. महिन्यागणिक ती पुढे सरकते, त्यावरून वाढीचा वेग कळतो. ती किती झपाट्याने आटते, त्यावरून मृत्यूचे प्रमाण कळते. यासाठी लागते ती एक सेंटीमीटरच्या खुणा केलेली फळी, एक वही आणि नेमाने नोंद करणारा माणूस.

हे काम मच्छीमार करू शकतो. दख्खनच्या मत्स्यविज्ञानाचा इतिहासच तसा आहे. कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे अभ्यासून १८३९ मध्ये अनेक प्रजातींची पहिली शास्त्रीय वर्णने दिली. माशांची नावे त्याला काठावरच्या माणसांनी सांगितली. कोळस, नुकटा, शिंगटी, पोटील, खुद्री ही नावे त्याने तशीच शास्त्रीय नावांत गुंफली आणि आज जगभरच्या ग्रंथांत ती आहेत. काठावरच्या माणसाकडे प्रजाती ओळखण्याचे जे ज्ञान आहे, त्याला फळी आणि वही जोडली की ते विज्ञानाचे साधन होते.

हे करायला संस्थाही इथेच आहेत. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने जवळचा एक जलाशय दत्तक घेऊन दहा वर्षे सलग नोंदी ठेवल्या, तर मांजरा-गोदावरीच्या माशांचे ‘साल’ आपल्याला योर्टप्रमाणे सांगता येईल.

माशाला पाण्याचा हिस्सा

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मराठवाड्यात मासळीचा प्रश्न बीज वाटून सुटणार नाही, तो पाण्याच्या नियोजनात सुटेल. कालवा समितीच्या बैठकीत पिण्याचे पाणी, शेती आणि उद्योग यांचा हिशेब होतो. त्यात उन्हाळ्याअखेर माशांसाठी किती पाणी राहील, ही एक ओळ आली पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, यात वाद नाही. पण धरणाचा तळ पूर्ण उघडा पडण्यापूर्वी थोडे खोल पाणी राखले, तर पुढच्या सालाचे जनक मासे वाचतात.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तळाचा गाळ काढला जातोच. तो काढताना जुन्या नदीपात्राच्या रेषेवर एक खोल डोह मुद्दाम राखता येईल. कंबोडियात गावकरी उन्हाळ्यात असे राखीव डोह जपतात, तिथे कोणी जाळे टाकत नाही आणि पाऊस आला की मासा तिथून भातशेतांत पसरतो. महाराष्ट्रातही महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून मासे राखले जातात आणि महसीर तिथे निर्धास्त फिरतो. श्रद्धेने जे तिथे साधले, ते ग्रामसभेच्या ठरावाने इथे साधता येईल. वाळूउपशाने नदीतले डोह बुजत आणि मोडत असताना हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

२०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीचा दर्जा मिळाला, तर शेतीसारखी पीकपाहणी, नुकसानीचा पंचनामा आणि पाण्यात वाटाही मिळाला पाहिजे. आटलेल्या तलावातल्या मच्छीमाराचे नुकसान हे वाळलेल्या सोयाबीनइतकेच खरे आहे.

वाचकांना विनंती एवढीच आहे. आपल्या गावच्या तलावात कोणते मासे आहेत, ते कधी विणतात, उन्हाळ्यात पाणी किती उरते, हे तिथल्या मच्छीमाराला विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या पाणीवापर बैठकीत आपण होऊन प्रश्न करा: माशांसाठी किती पाणी राखले? हा प्रश्न प्रत्येक तालुक्यात विचारला जाऊ लागला, तर उत्तर देणारी यंत्रणाही उभी राहील.